उपवास, औषध आणि रक्तातील साखर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मधुमेह आज आपल्यापैकी अनेक घरांत शिरला आहे. सोयरीक जुळविताना त्याचे नाव दबल्या आवाजात निघते, आणि पंगतीत मात्र ‘एका जिलबीने काय होते?’ असा आग्रह चालतो. आम्ही वैद्य नाही; कोणास औषध सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु रोज घेतलेली गोळी पोटात जाऊन करते काय, हे न जाणता आपल्याकडे एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार पाळले जातात. त्यात जिवावर बेतण्याचा संभव असतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

प्रथम एक हिशेब करू. प्रौढ मनुष्याच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी असता उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम साखर सापडते. गुणाकार केला तर साऱ्या रक्तात मिळून साखर भरते जेमतेम एक चहाचा चमचा! आणि एकटा मेंदूच तासाला सुमारे ५ ग्रॅम साखर खर्च करतो. मग रात्रभर आपण निजलेले असताना ती पुरविते कोण?

ती पुरविते यकृत. यकृत हे घरातील कोठीघर समजावे. त्याच्या किल्ल्या जठरामागील स्वादुपिंडाकडे असतात. १८६९ साली लांगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने या पिंडात पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. त्यांतून दोन रस थेट रक्तात उतरतात. जेवणानंतर इन्शुलिन स्रवते. ते साखर स्नायूंत शिरू देते आणि उरलेली कोठीत भरावयास सांगते. साखर उतरू लागली की ग्लुकागॉन कोठी उघडावयास लावते. प्रौढवयात होणाऱ्या मधुमेहात इन्शुलिनचा शब्द शरीर नीट ऐकत नाही, पुढे इन्शुलिनही कमी पडू लागते, आणि ग्लुकागॉनची हाक मात्र चालूच राहते. म्हणून रात्री दोनच फुलके खाल्लेल्या सासूबाईंची साखर सकाळी १६० निघते. लाडू चोरून खाल्ल्याचा आरोप त्यांच्यावर करू नये. कोठी रात्रभर उघडी राहिलेली असते.

मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः या कोठीला आवर घालते. फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहावर प्रथम वापरले. एकटे घेतले असता त्याने साखर फारशी खाली घसरत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचे कूळ वेगळे आहे. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिये येथे विषमज्वरावर एक गंधकयुक्त औषध देत असता रोग्यांची साखर धोकादायक रीतीने उतरली. त्या अपघातातून हा वर्ग निघाला. या गोळ्या स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास भाग पाडतात. रोगी जेवला आहे की देवापुढे उपाशी बसला आहे, याची त्या चौकशी करीत नाहीत! सकाळी नेमाने गोळी आणि दुपारपर्यंत पोटात अन्न नाही, हाच तो घातक योग. शिवाय दुपारी साबुदाण्याची खिचडी आली की साखर उलट उसळी घेते, कारण साबुदाणा म्हणजे बहुतेक सारे पिष्टच.

मूत्रावाटे साखर काढून टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्यांवर असताना निर्जळी उपवास तर वेगळ्याच कारणाने वाईट. शरीर शुष्क होते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो. १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी टोरोंटो येथे मिळविलेल्या इन्शुलिनवर ज्या मुलांचे प्राण अवलंबून आहेत, त्यांचे इन्शुलिन तर ‘आज जेवला नाही’ म्हणून परस्पर बंद करूच नये. मात्रा किती घटवावी, किंवा उपवास करावा की नाही, हे आधीच डॉक्टरांस विचारावे. व्रताच्या दिवशी सकाळी विचारून उपयोग नाही.

घाम सुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, अकारण चिडणे, असंबद्ध बोलणे ही साखर घसरल्याची चिन्हे होत. माता-भगिनींनी ती भक्तीची तंद्री समजू नये. यंत्रावर आकडा ७० च्या खाली असेल, अथवा यंत्र जवळ नसेल, तरी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून तत्काळ पाजावी. व्रत मोडेल म्हणून थांबू नये. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यास घरातील साखर लवकर लागू पडत नाही, त्यास ग्लुकोजची पूडच द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेवढेच द्यावे. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर निजवून रुग्णालयात न्यावे. आणि तो सावध होऊन बोलू लागला तरी त्यास जेवू घालावे, डॉक्टरांस कळवावे व पुढील दिवसभर एकटे सोडू नये, कारण वर सांगितलेल्या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर दुसऱ्यांदा घसरू शकते.