न्याहारीचे धिरडे

(सांगवी येथील ज्ञातिमेळाव्यात महिलासभेपुढे केलेले भाषण)



शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती असे मोठे विषय सोडून ही बाई धिरड्याचे पुराण काय लावते, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु ज्या मुलांच्या शिक्षणासाठी आपण निधी जमवितो, ती सकाळी काय खाऊन वर्गात बसतात, याचा विचार त्या निधीइतकाच अगत्याचा आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझी धाकटी मुलगी एकदा शाळेत प्रार्थनेच्या वेळी घेरी येऊन खाली बसली. सकाळी तिच्या पोटात चहा व दोन बिस्किटे यांखेरीज काही गेले नव्हते. त्याच सकाळी आमच्या गोठ्यातील दूध डेअरीला पोहोचले होते, आणि परसातली केळी घडावरच काळी पडत होती. दोष कुणाला द्यावा? घर माझेच होते.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या मुलखाचे रूप पालटले. आज बारामती-इंदापूर भागात ऊस आहे, द्राक्षे, डाळिंबे, पेरू आहेत, दूधदुभते आहे. मात्र पिकते ते बाजारी जाते, आणि घरच्या न्याहारीला चहाच उरतो.

इंग्रज ज्याला ‘पॅनकेक’ म्हणतात, त्याचे आपले भावंड म्हणजे धिरडे. ते फळ घालून पौष्टिक कसे करावे, ते सांगते. २०० ग्रॅम मुगाची डाळ रात्री भिजत घालावी. सकाळी निथळून, पाणी बेताचेच घालून वाटावी, कारण केळ्याने पीठ आपोआप सैल होते. त्यात ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ, दोन पिकलेली केळी कुस्करून, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घालावी. साखरेचे कारण नाही, गोडी केळ्याची. तव्याला तेलाचा हात फिरवून मंद आचेवर जाडसर धिरडे घालावे व झाकण ठेवावे. फळातील साखरेमुळे ते लवकर करपते, म्हणून आच वाढवू नये. एवढ्यात दहा धिरडी होतात. ज्यांना अंडी चालतात, त्यांनी दोन फेटून घालावी.

येथे एक गैरसमज दूर करते. केळ्यात प्रथिने जेमतेम असतात. बळ आहे ते डाळीचे. १०० ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. डाळीत जे उणे, ते ज्वारीत मिळते, आणि ज्वारीत जे उणे, ते डाळीत. म्हणून दोन्ही एकत्र घ्यावी. या हिशेबाने अंड्यावाचूनही दोन धिरड्यांत सुमारे ११ ग्रॅम, आणि वर पेलाभर दुधात सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे दैनिक प्रमाण सांगितले आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाकाठी सुमारे ४६ ग्रॅम. त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक न्याहारीतच पदरात पडतात. सोबत पेरूच्या फोडी कच्च्याच द्याव्यात. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागते. चहा मात्र तासभर मागाहून घ्यावा, कारण तो लोह अंगी लागू देत नाही.

भगिनींनो, ५५ किलोंच्या स्त्रीचा हिशेब मी मुद्दामच मांडला. आपल्याकडे धिरडी करणारी शेवटी जेवते, आणि तिच्या वाट्याला बहुधा तव्यावरचा मोडका तुकडा व गार चहा येतो. मुलांच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या बाईचे पोट घराच्या हिशेबात येतच नाही. उद्या सकाळी दोन अखंड धिरडी स्वतःच्या ताटात वाढून घ्या आणि मुलांबरोबर बसा. आणि बंधूंनो, दुधाची किटली डेअरीला नेण्यापूर्वी तिच्यातून घरातल्या प्रत्येकापुरते, करणारीसुद्धा धरून, दूध मोजून बाजूला काढा.

माझी मुलगी आता न्याहारी करूनच शाळेत जाते, आणि मीही तिच्या शेजारी बसून खाते.