परिपाठातली बातमी



परिपाठात बातम्या वाचायचं काम माझ्याकडे असे. २२ सप्टेंबर १९९५ला मी धापा टाकत वाचलं, "काल देशभर गणपती दूध प्यायले!"

विज्ञानाच्या बाईंनी चमचाभर दूध मागवलं आणि चमचा शाळेच्या पितळी घंटेला टेकवला. घंटाही प्यायली! पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, हे तेव्हा कळलं. बाई पुढे म्हणाल्या, "घरी सांगाल ते नीट सांगा."

पहिलं मी ऐकलं, दुसरं नाही. आजीला म्हटलं, "तुझा गणपती आणि आमची घंटा सारखेच." दोन तास रांगेत उभी राहिलेली आजी काहीच बोलली नाही. वाटी उचलून आत गेली.

पुढे सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचाच पगार मिळू लागला. आपल्या ग्रुपवर रोज कुठला तरी नट वारतो आणि मी 'फेक' लिहून मोकळी होते! मध्यंतरी एका मैत्रिणीने काढ्याचा उपाय पाठवला. मी हसरे इमोजी टाकून तो खोडला. तिने ग्रुप सोडला. तो काढा ती स्वतःच्या आजारी आईला देत होती, हे मला नंतर कळलं.

बाई, उत्तर दोन्ही वेळा बरोबर होतं, सांगणं चुकलं.

मैत्रिणी, तू आज समोर बसली आहेस. चहाला माझ्या शेजारी ये. काढ्याबद्दल माझं मत तेच आहे. पण आधी आईची तब्येत विचारायची आहे.