जाहिरात कोणी लिहायची?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'ऑनलाइन डेटिंग आणि आजची नाती'. माझं वय बघता संयोजकांची मला गंमत वाटते. मी ॲपवर कधी कुणाला भेटलेले नाही. पण गेली काही वर्षं आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या मुलींच्या, आणि मुलीच कशाला, चाळिशीतल्या बायकांच्याही हकिकतीत मोबाइलवर झालेली ओळख बऱ्याचदा असते. तेव्हा ऐकून, पाहून आणि एकदा मोठी चूक करून जे कळलं, ते सांगते.

सुरुवात माझ्या स्वतःच्या जाहिरातीपासून करते. १९९१ साली माझ्यासाठी वर्तमानपत्रात तीन ओळी छापून आल्या. लिहिल्या दादानं, शब्दागणिक पैसे मोजत. निमगोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, पदवीधर. मी सावळी आहे, तुम्ही बघताच आहात. 'निमगोरी' हा शब्द आईनं सुचवला. दादानं आधी 'वक्तृत्वाची बक्षिसं' असंही लिहिलं होतं, ते वडिलांनी खोडायला लावलं. मुलगी बोलकी आहे असं वाटेल म्हणाले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मला विचारायला हवं होतं हे मलाही सुचलं नाही. मग फोटो. वहिनीची साडी नेसवून, स्टुडिओतल्या कुंडीला हात लावून मला उभं केलं. कपाळावर लहानपणी पडल्याची खोक आहे, ती फोटोग्राफरनं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवली. म्हणजे जे फोटो घरोघर गेले, त्यातली बाई गोरटी, शांत आणि कधीही न पडलेली अशी होती. कांदेपोह्यांच्या वेळी समोरचे लोक माझ्याकडे पाहत आणि मग पुन्हा फोटोकडे पाहत. ती नजर मला अजून आठवते.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की आजच्या मुली फोटोला फिल्टर लावतात, प्रोफाइलवर खोटं लिहितात, अशी कुरकुर माझ्या वयाच्या बायका करतात तेव्हा मला हसू येतं. आपल्याही चेहऱ्यावर पेन्सिल फिरलेली आहे. ती दुसऱ्याच्या हातात होती, इतकंच.

आता ती मुलीच्या हातात आली. हे लहान नाही. माझ्या भाचीनं तिचं प्रोफाइल मला दाखवलं. पाच फोटो, चार ओळी. डोंगर चढायला आवडतं, कडक चहा, जुनी गाणी, मांजर. मी म्हटलं, "अगं, तू बायकांच्या प्रश्नांवर एवढं काम करतेस, ते कुठे आहे?" ती म्हणाली, "मावशी, 'स्त्रीवादी' लिहिलं की दोन प्रकारचे लोक येतात. एक शिव्या द्यायला, दुसरे वाद जिंकायला. मला तिसरा हवाय." वडिलांनी माझं वक्तृत्व खोडलं होतं, तिनं तिचं काम स्वतःच खोडलं. हे दोन्ही सारखं आहे का, यावर आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो. मी म्हणत होते सारखं आहे. ती म्हणत होती, "मी हवं तेव्हा परत लिहू शकते, तुला येत होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

खोटं किती बोलतात, याचा एक नेटका अभ्यास अमेरिकेत झाला आहे. कॅटलिना टोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमधल्या ८० जणांना बोलावून त्यांची उंची आणि वजन चक्क मोजलं, वय ओळखपत्रावरून पाहिलं आणि प्रोफाइलशी ताडलं. पाचातल्या चौघांनी यातलं काही ना काही चुकीचं लिहिलं होतं. पण बहुतेकांचा फरक थोडासा, समोरासमोर भेटल्यावर सहज लक्षात येणार नाही असा. पुरुषांनी उंची वाढवली होती आणि बायकांनी वजन घटवलं होतं. म्हणजे खोटं बोलतानाही माणसं समाजानं घालून दिलेल्या मापातच बोलतात! बाजाराला उंच पुरुष हवा आणि बारीक बाई हवी, हे सगळ्यांना पाठ आहे.

आपल्याकडे त्यात आणखी रकाने आहेत. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर वर्णाचा रकाना होता, आणि तो निवडून मुली चाळता येत. शादी डॉट कॉमनं तो २०२० च्या जूनमध्ये काढला. तोसुद्धा अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शनं चालू असताना, तिकडे राहणाऱ्या भारतीय वंशाच्या बायकांनी आवाज उठवल्यावर. जातीचा रकाना मात्र जागच्या जागी आहे. डेटिंगच्या ॲपवर तो नसतो म्हणून आपली मुलं खुशीत असतात. पण एक मुलगी आमच्याकडे आली होती, इंजिनिअर, पुण्यात नोकरी. प्रोफाइलवर नुसतं पहिलं नाव ठेवलेलं. ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या-चौथ्या निरोपात आडनाव विचारतातच. सहज विचारल्यासारखं. मी सांगते. मग कुणी म्हणतं 'अच्छा', आणि गप्प. कुणी म्हणतं, 'वाटत नाहीस हं तू.'" हे दुसरं वाक्य तिला जास्त लागायचं. शेवटी तिनं एक केलं. बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ उभी असलेला चौदा एप्रिलचा फोटो पहिलाच लावला. निरोप एकदम कमी झाले. पण जे आले त्यांच्याशी बोलायला तिला बरं वाटायला लागलं. एकाशी सहा महिने बोलली, भेटली, पुढे जमलं नाही. का जमलं नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तो फार घोरतो." इतक्या साध्या कारणासाठी नकार देता येणं ही मला चैनीची गोष्ट वाटली.

दुसरी एक शिक्षिका. घटस्फोट झालेली, एक मुलगा. तिनं खरं ते लिहिलं. पहिल्याच आठवड्यात रात्री अकरानंतर निरोप सुरू झाले, आणि सगळ्यांचा सूर एक, 'तुम्हाला तर सवय असेलच.' परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षं काम केलं, परिषदा घेतल्या, आणि मोबाइलवर तीच जुनी माजघरातली कुजबुज! तिनं ती ओळ काढली. मग ज्याच्याशी सूर जुळला, त्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं. तो म्हणाला, 'तू मला फसवलंस.' आता सांगा, तिनं केव्हा सांगायला हवं होतं?

बायकांच्या प्रोफाइलवरचं बरंचसं लपवणं हे असं आहे. पूर्ण नाव नाही, शाळेचं नाव नाही, घराजवळचा फोटो नाही. सौंदर्यासाठी नव्हे, जीव सांभाळण्यासाठी. बम्बल नावाचं ॲप २०१४ साली निघालं. त्यात स्त्री-पुरुष जुळले तर पहिला निरोप बाईनंच पाठवायचा, असा नियम होता. २०२४ मध्ये तो सैल झाला. पहिला शब्द बाईचा, ही कल्पना मला आवडली होती. सत्यशोधक विवाहाच्या मंगलाष्टकांत जोतीरावांनी वधूच्या तोंडी तिचे हक्क घातलेच होते. पण पहिला शब्द मिळाला तरी पुढचे शंभर शब्द कसे येतात, ते नियमानं ठरत नाही.

एका तालुक्याच्या गावातल्या दोघींचं सांगते आणि पुढे जाते. त्यांना एकमेकींचा पत्ता ॲपमुळेच लागला, नाहीतर दोघी एकाच बसनं जात होत्या. एकीच्या प्रोफाइलवर फक्त तिच्या हाताचा फोटो होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ३७७ बाबत निकाल दिला, म्हणून त्यांचं प्रेम गुन्हा नाही. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं त्यांच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या दोघींना 'खरा चेहरा का लावला नाही' म्हणून कोण विचारणार?

आता वसईच्या मुलीबद्दल बोललं पाहिजे. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला आणि नोव्हेंबरात तो उघडकीला आला. तिच्याबरोबर राहणाऱ्या पुरुषावर आरोपपत्र दाखल झालं. दोघांची ओळख ॲपवर झालेली. मग महिनाभर सगळीकडे ॲप, लिव्ह-इन आणि त्याचा धर्म, एवढंच चाललं. तिनं २०२० च्या नोव्हेंबरात पोलिसांत लेखी तक्रार दिली होती, की तो मारहाण करतो आणि जिवे मारण्याची धमकी देतो. नंतर तिनं ती मागे घेतली. मारहाण झालेली बाई तक्रार मागे का घेते, हे या सभागृहातल्या प्रत्येकीला माहीत आहे. त्यावर बोलायला कुणाला वेळ नव्हता. डिसेंबरात महाराष्ट्र शासनानं समिती नेमली, ती आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नं केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करण्यासाठी. ओरड झाल्यावर काही दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला. मार खाल्ला एका मुलीनं आणि पाळत बसली स्वतः जोडीदार निवडणाऱ्या सगळ्यांवर.

पण शासनाला बोल लावताना मला माझी चूक सांगितली पाहिजे. त्याच हिवाळ्यात एक कॉलेजची मुलगी केंद्रात आली. ॲपवर भेटलेला मुलगा सारखे फोटो मागतोय, काय करू, असं विचारायला. मी घाबरलेली होते. मी म्हटलं, "आधी ते ॲप काढून टाक." आणि वर दहा मिनिटं समजावलं. ती "हो ताई" म्हणून गेली. पुढे त्यानं तिचे फोटो घरी पाठवण्याची धमकी देऊन पैसे उकळले. कानातलं विकून तिनं ते दिले. आमच्याकडे आली नाही, कारण मी रागावेन असं तिला वाटलं. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. वडिलांची भीती होती म्हणून जी आमच्याकडे आली, तिला मी आणखी एक वडील दिले.

तेव्हापासून आम्ही पहिला प्रश्न बदलला. 'तू तिथे कशाला गेलीस' असं कुणी विचारायचं नाही. 'तुला पुढे बोलायचंय की थांबायचंय' असं विचारायचं. धमकी असेल तर निरोप पुसायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवायचे, पैसे आणखी द्यायचे नाहीत. गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. संमतीशिवाय खाजगी फोटो पसरवणं हा गुन्हा आहे, हे मुलीला आधी सांगायचं, कारण गुन्हा आपणच केला असं तिला वाटत असतं. पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी, आणि कुठे जातोय ते एका मैत्रिणीला माहीत हवं.

महिन्यातून एकदा मुली केंद्रात बसून एकमेकींची प्रोफाइलं वाचतात. काय ठेवायचं, काय झाकायचं, यावर खूप हसतात आणि भांडतात. मागच्या खेपेला त्यांनी मला माझी १९९१ ची जाहिरात पुन्हा लिहायला लावली. 'सावळी, बोलकी, कपाळावर खोक' इथपर्यंत भराभर लिहिलं. 'अपेक्षा' या शब्दापाशी आले आणि पेन थांबलं. पाऊण तास लागला.

काय लिहिलं ते सांगत नाही. आता तुम्ही बोला. मागे बसलेल्या तरुण मुलींना आधी माइक द्या.