तिथी गुणिले पाऊण

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी एआय आणि नोकऱ्या या विषयावर बोलू. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतोय. मधे चार दिवस गावी गेलो होतो आणि आजोबांबरोबर खाडीवर गरवायला बसलो होतो. तिथे जे ऐकलं, ते आधी सांगायचंय.

गरवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. गरी टाकून मासा लागायची वाट बघत बसणं म्हणजे गरवणं. यात होडी नाही, जाळं नाही. एक काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, गरीला जिवंत कोळंबी, आणि भरपूर वेळ.

रत्नागिरीजवळ काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठाला आमचं गाव. आबा 76 वर्षांचे. आयुष्यभर पोस्टमनची नोकरी केली, आणि दहाव्या वर्षापासून आजपर्यंत गरवणं काही सोडलं नाही.

पहिल्याच दिवशी मी स्मार्टपणा केला. म्हटलं, "आबा, भरतीची वेळ ॲपवर बघतो." आबा म्हणाले, "आज दशमी. दहाच्या पाऊणपट किती?"

"साडेसात."

"मग साडेसातला पाणी भरणार. बघ तुझ्यात काय सांगतंय."

ॲपची वेळ आणि आबांची वेळ, दोन्हींत अर्ध्या तासाचाही फरक नव्हता!

कोकणात हा हिशेब जुना आहे. तिथीचा आकडा घ्या, पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चंद्रामुळे भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. हिशेबात आपण दर तिथीला 45 मिनिटं धरतो. आता मी पडलो इंजिनियर. मी लगेच चूक काढली. "आबा, पंधरा तिथ्यांचे सव्वाअकरा तास होतात. व्हायला हवेत बारा. म्हणजे पंधरवड्याच्या शेवटी तुमचा हिशेब पाऊण तास आधीची वेळ दाखवतो."

आबा शांतपणे म्हणाले, "दाखवू दे की. लवकर गेलं तर बसता येतं. उशीर झाला तर पाणी गेलेलं असतं."

मी गप्प. चूक कुठल्या बाजूला पडली तर परवडते, हे माझ्या आजोबांना ऑफिसच्या मीटिंगशिवाय कळलेलं होतं.

बरं, आता खरा विषय. आपण सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून "आमच्या वेळी" ऐकलेलं असतं. आमच्या वेळी एवढे मासे होते, आमच्या वेळी पाणी स्वच्छ होतं, आता सगळं संपलं. मला तेच रेकॉर्ड करायचं होतं. म्हणून विचारलं, "आबा, मासे कमी का झाले?"

मला वाटलं, आता मोठे ट्रॉलर, एलईडी लावून होणारी मासेमारी, प्लास्टिक, वाळूउपसा असं सगळं येईल. ते आलंच. समुद्रातल्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, हेही त्यांना माहीत होतं. पण मग थोडा वेळ काठीच्या टोकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चढणीचे मासे आम्ही किती मारले, ते लिहून घे."

चढणीचे मासे माहितीयेत ना? पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. ओहोळातून, वहाळातून थेट भाताच्या खाचरात. कारण तिथलं पाणी उथळ असतं, मोठे मासे नसतात आणि पिल्लांना खायला भरपूर असतं. तिथे ते अंडी घालतात. आणि त्याच रात्री अख्खा गाव बत्त्या, काठ्या, कोयते घेऊन बाहेर पडतो. आपल्या कोकणातला हा सणच. मीही लहानपणी पाटी धरून मागे पळालोय.

आबा म्हणाले, "पोटात गाभोळी भरलेला मासा. तो काय आपल्याला जेवायला घालायला वर चढत होता? एकेका रात्री पाट्याच्या पाट्या आणल्या. खाऊन उरले ते वाटले, वाटून उरले ते टाकले. तेव्हा वाटायचं, नदी आहे, देतेय. मग बंधारे झाले, माशाला वर जायला वाटच उरली नाही. लोक म्हणतात, बंधाऱ्याने मासा संपवला. खरं आहे ते. पण आधी आम्ही सुरुवात करून ठेवली होती."

हे मला अपेक्षित नव्हतं. दोष स्वतःवर घेणारं "आमच्या वेळी" मी पहिल्यांदा ऐकलं.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीच. पण ती बंदी समुद्रातली. खाचरात चढलेल्या माशाला ती लागू नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. त्यामागचा विचार साधा आहे: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्या.

आबांनी तो नियम वाचलेला नाही. त्यांचं माप वितीचं. तिसऱ्या दिवशी माझ्या गरीला तांबोशी लागली. आयुष्यातली माझी पहिली तांबोशी! आबांनी वीत लावली आणि म्हणाले, "पोर आहे, सोड." तांबोशी लहानपणी खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढते आणि मोठी झाली की समुद्रात जाते. मी म्हटलं, "एक फोटो तरी काढू द्या." ते म्हणाले, "तुझा फोटो होईपर्यंत ती मरेल." सोडली. त्यामुळे पुरावा नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

शेवटच्या दिवशीची गोष्ट सांगतो आणि थांबतो. संध्याकाळी आबा गरी बांधत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण हात आता थरथरतो. तंगूस गरीच्या डोळ्यातून जाईना. तीनदा प्रयत्न केला. मी मदत करू का, हे विचारायचं धाडस होईना. चौथ्या वेळी त्यांनीच गरी माझ्या हातात दिली. म्हणाले, "बांध. मी सांगतो तशी."

मी बांधली. त्यांनी ओढून बघितली, सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा टिकली. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त कोळंबीचा डबा माझ्याकडे सरकवला.

त्या रात्री काहीच लागलं नाही. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही उठलो. येताना म्हणाले, "पुढच्या वेळी आधी फोन कर. तिथी बघून बोलावतो."

तर मंडळी, तुमच्या घरात असं कोणी असेल तर "तुमच्या वेळी कसं होतं" एवढंच विचारू नका. "तुमचं काय चुकलं" हेही विचारा. जरा दमाने विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा. मला तरी खरी गोष्ट तिथेच सापडली.

पुढच्या आठवड्यात एआय, नक्की. तोवर काळजी घ्या, भेटूया!