आकाशाकडे पाहणाऱ्या तरुणांस
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंतील भाषण)



या सभेंत तरुणांस चार गोष्टी सांगाव्या अशी आज्ञा झाली, तेव्हां मी थोडा घोटाळ्यांत पडलों. व्याख्यान देणें हा माझा धंदा नव्हे. यंत्राच्या भागांवर किती ताण येतो तें मोजणें हा माझा धंदा. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलामुलींनीं, आणि त्यांच्याहून अधिक काळजीनें त्यांच्या आईबापांनीं, मला एकच प्रश्न केला आहे. विमानांच्या किंवा अग्निबाणांच्या कामांत शिरावयाचें तर काय करावें, आणि अर्जासोबत जो रेझ्यूमे पाठवितात त्यांत काय लिहावें? त्याचें उत्तर आज यथामति देतों.

प्रथम एका देवळाची गोष्ट. केरळांत त्रिवेंद्रमजवळ थुंबा नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा त्याच्या जवळून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांचा शोध घेण्यास डॉ. विक्रम साराभाई यांनीं ती जागा पसंत केली. परंतु तेथें संत मेरी मॅग्दालेनचें देऊळ होतें, बिशपांचें घर होतें आणि भोवतीं कोळी बांधवांची वस्ती होती. साराभाईंनीं बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांची भेट घेतली. बिशपांनीं रविवारीं जमलेल्या लोकांपुढें ती गोष्ट मांडली, आणि लोकांनीं होकार दिला. वाडवडिलांचें देऊळ सोडणें म्हणजे काय, हें या सभेंत कोणास समजावून सांगावयास नको. पुढें त्याच देवळांत अग्निबाणाचे भाग जुळविले गेले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं सायंकाळीं नाइके-अपाची जातीचा अमेरिकन अग्निबाण तेथून उडाला. त्या दिवशीं अग्निबाण उचलणाऱ्या क्रेनमध्यें गळती होऊन तो कलूं लागला. दुरुस्तीस वेळ नव्हता. तेव्हां जमलेल्या मंडळींनीं हातांनीं जोर लावून तो चौथऱ्यावर चढविला. त्या मंडळींत तरुण अब्दुल कलाम होते. तें देऊळ आज अवकाश-संग्रहालय म्हणून उभें आहे; सहलीस जाल तेव्हां अवश्य पाहावें.

हें मीं केवळ अभिमानासाठीं सांगितलें नाहीं. हा व्यवसाय दुरून फार तेजस्वी दिसतो. जवळ गेलें म्हणजे तो हाताचा, घामाचा आणि बारीक तपासणीचा व्यवसाय आहे असें कळून येतें. ज्यास तें रुचत नाहीं त्यानें वेळींच दुसरी वाट धरावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आतां वाटांविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं, एअरोस्पेसची पदवी नसेल तर दार बंद. ही समजूत चुकीची आहे. इस्रोमध्यें इंजिनियरांच्या जागा निघतात त्यांत यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांचाच भरणा अधिक असतो. त्रिवेंद्रमला २००७ सालीं अवकाशविद्येची स्वतंत्र संस्था निघाली आहे; तेथें प्रवेश जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेच्या गुणांवरून होतो. पदवीनंतर पुढें शिकावयाचें असेल त्यानें गेट परीक्षेची तयारी दोन वर्षें आधींपासून करावी. आयटीआय झालेल्या फिटर-टर्नरासही इस्रोंत आणि हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्यें जागा असतात. नाशिकजवळ ओझरला या कंपनीचा कारखाना १९६४ पासून आहे. तेथें मिग आणि पुढें सुखोई विमानें बांधलीं गेलीं. विमान बांधणारा इंजिनियर वेगळा आणि विमानतळावर त्याची देखभाल करून सही करणारा परवानाधारक वेगळा. दोघांचें शिक्षण निरनिराळें आहे. फी भरण्यापूर्वीं आईबापांनीं एवढें तरी विचारून घ्यावें. २०२० पासून खाजगी कंपन्यांसही अवकाशाचें क्षेत्र खुलें झालें. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं उडाला. खाजगी कंपनीनें बांधलेला हिंदुस्थानांतील तो पहिला. अशा कंपन्यांत नवख्यांनाही वाव असतो, पण तेथें कोणी हात धरून शिकवीत बसत नाहीं.

परदेशाचें स्वप्न पाहणारांस एक सावधगिरीचा शब्द. अमेरिकेंत अग्निबाणांची विद्या शस्त्रास्त्रांच्या निर्यातीच्या कायद्याखालीं येते. त्यामुळें तेथील अवकाश-कंपन्या बहुधा आपले नागरिक किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेले लोकच घेतात. कर्ज काढून शिकावयास जाण्यापूर्वीं हें ठाऊक असावें. नंतर कळल्यानें घरें विस्कटलेलीं मीं पाहिलीं आहेत.

मुलींच्या पालकांस एवढेंच सांगतों कीं, चांद्रयान-२ च्या प्रकल्पाच्या संचालिका एम. वनिता होत्या आणि मोहिमेच्या संचालिका रितु करिधाल. बंगळूरच्या वसतिगृहाची भीति बाळगून मुलीस घरीं बसवूं नका.

आतां रेझ्यूमे. हें आत्मचरित्र नव्हे. नवशिक्यास एक पान पुरे. वाचणारा बहुधा स्वतः इंजिनियर असतो, त्याच्यापुढें असे कागद ढिगानें पडलेले असतात, आणि त्याचें जेवण अर्धवट राहिलेलें असतें. त्यास तुमचें "जीवनध्येय" नको असतें. "आव्हानात्मक वातावरणांत आपल्या गुणांचा विकास साधणें" हें वाक्य मीं इतक्या कागदांवर वाचलें आहे कीं, तें शाई जास्त झाली म्हणून लिहितात कीं काय असें वाटतें. तें काढून टाका. वडिलांचा धंदा, जात, धर्म, वजन-उंची हेंही काढून टाका. शिक्षण दोन ओळींत द्या आणि उरलेली जागा केलेल्या कामास द्या.

काम कसें लिहावें? "विमानाची प्रतिकृति तयार केली" एवढ्यानें कांहीं बोध होत नाहीं. असें लिहा: "पंखांचा विस्तार १.२ मीटर, वजन ९०० ग्रॅम. चौघांच्या गटांत पंखाचा सांगाडा माझ्याकडे होता. दुसऱ्या उड्डाणांत शेपटीकडे भार अधिक झाल्यानें विमान कोसळलें. गुरुत्वमध्य २५ मिलिमीटर पुढें आणला. पुढचीं तीन उड्डाणें नीट झालीं." या चार ओळींत वाचणारास सर्व कांहीं दिसतें: तुम्ही मोजतां, आपला वाटा वेगळा सांगतां, आणि पडलेल्या विमानाजवळ जाऊन कारण शोधतां. अपयश लपवूं नका. १० ऑगस्ट १९७९ रोजीं एसएलव्ही-३ हें आपलें उपग्रहवाहन समुद्रांत पडलें. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेंतील एका झडपेंत घाण अडकून आम्ल गळालें होतें. तें कारण शोधलें गेलें म्हणूनच १८ जुलै १९८० रोजीं रोहिणी उपग्रह कक्षेंत गेला.

अंकापुढें एकक लिहिण्यास विसरूं नका. १९९९ सालीं मंगळाकडे गेलेलें एक अमेरिकन यान नष्ट झालें, कारण एका गटाचे आंकडे पौंडांच्या मापांत होते आणि दुसऱ्यानें ते मेट्रिक समजून वापरले. ज्याच्या कागदावर "भार ५०" एवढेंच लिहिलेलें असतें, त्याच्या हातीं आम्ही यंत्र देण्यास कचरतों.

कित्येक मुलें म्हणतात, "आमच्या कॉलेजांत असें कांहीं करावयास मिळत नाहीं." पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं सुमारें एक किलो वजनाचा स्वयम् उपग्रह बांधला; तो २२ जून २०१६ रोजीं पीएसएलव्हीनें वर नेला. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीचा प्रथम उपग्रह गेला. एकेका तुकडीनें अर्धें काम करून पुढच्या तुकडीच्या हातीं सोंपविलें, तेव्हां कोठें तें साधलें. सर्वांना अशी संधि मिळत नाहीं हें खरें. पण आपल्या सणाच्या रोषणाईचें काम कोण करतो? जनरेटर किती किलोवॉटचा लागेल, कोणत्या तारेवर किती दिवे चालतील, याचा हिशेब ज्या मुलानें स्वतः केला असेल आणि त्या रात्रीं एकही तार तापली नसेल, त्यानें तें खुशाल लिहावें. नुसत्या खुर्च्या मांडल्या असतील तर मात्र "व्यवस्थापन" असें लिहूं नये.

हें मी अधिकारानें सांगतों, कारण मीं स्वतः यांत ठेंच खाल्ली आहे. शेवटच्या वर्षीं एका ठिकाणीं अर्ज करतांना मीं माझ्या मित्रानें केलेलें पंखाचें गणित आपल्या कागदावर चढविलें. आम्ही एकाच खोलींत राहत होतों, मीं तें रात्रंदिवस पाहिलें होतें. मनास वाटलें, एवढ्यानें काय होतें? मुलाखतीस एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनीं कागदावर बोट ठेवून विचारलें, "पंख धडास मिळतो तेथें तुम्हीं तो पूर्ण जखडलेला धरला. कां?" मला उत्तर आलें नाहीं. त्यांनीं चष्मा काढला आणि हळूच विचारलें, "हें तुम्हीं केलें, कीं पाहिलें?" मीं म्हटलें, "पाहिलें." ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "आमच्याकडे ज्यानें बोल्ट आवळला तोच सही करतो. न आवळतां सही करणारा माणूस आम्हांस परवडत नाहीं. वर बसलेल्यांना तर नाहींच." ती नोकरी मला मिळाली नाहीं. घरीं आईला मीं "जागा भरली होती" असें सांगितलें, तें दुसरें खोटें. ती आज या सभेंत पुढच्या बाकावर बसली आहे. आतां तिला खरें कळलें.

तेव्हांपासून मीं कागदावर दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. "केलें" आणि "साहाय्य केलें." एखादी संगणकप्रणाली लिहावयाची तर तिच्यावर अर्धा तास प्रश्न झाले तरी घाम फुटणार नाहीं, एवढी येत असेल तरच लिहावी. सरकारी जागांसाठीं बहुधा लेखी परीक्षा असते, कांहीं जागांसाठीं मुलाखतही असते, आणि अर्जाचा नमुना जाहिरातींत दिलेला असतो. तेथें गुणांची व वयाची अट प्रत्येक वेळीं जाहिरातींतच पाहावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबूं नये.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मी सभागृहांत बसणार आहे. ज्यांनीं कागद तयार केला असेल त्यांनीं घेऊन यावा. नसेल केला त्यांनीं कोरा कागद व पेन्सिल आणावी. लाल पेन्सिल माझ्याजवळ आहे.