नवा न्याहाळक : पहिली ओळख



संगणकावर जाळ्यातली पाने उघडून दाखवणाऱ्या साधनाला ब्राउझर म्हणतात. मराठीत त्याला कोणी 'न्याहाळक' म्हणतात. शब्द गोड आहे. पण न्याहाळतो कोण आणि कोणाला, ही शंका त्याच्या पोटातच आहे. गेले पंधरा दिवस आम्ही जुना न्याहाळक बाजूला ठेवून 'उला' नावाचा नवा वापरला, त्याची ही हकीकत.

चेन्नईच्या झोहो कंपनीने तो २०२३ साली काढला. नाव तमिळ, अर्थ फेरफटका. देशी ब्राउझरसाठी सरकारने ठेवलेल्या स्पर्धेत २०२५ साली त्याला पहिले बक्षीस मिळाले. आम्ही मोठ्या उमेदीने बसलो, आणि खरे सांगायचे तर प्रथम निराश झालो. अमरावती विभाग, वाशीम जिल्हा, गावाचे नाव, असे करीत सातबारा उघडला; तो जुन्या ब्राउझरात दिसे तसाच दिसला! कारण आतले यंत्र क्रोमियमच, गूगलने २००८ साली सर्वांना खुले केलेले. क्रोम आणि एजही त्यावरच चालतात. बैल तोच, झूल नवी.

पण झूलही तपासून पाहावी. एका वर्तमानपत्राचे पान उघडले तर जाहिराती गायब, आणि कोपऱ्यात आकडा : इतके पाळतखोर अडवले. आपण सोयाबीनचा भाव पाहावा आणि लगेच दुसऱ्या पानावर बियाण्याची जाहिरात हजर व्हावी, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ती पाळत कोण ठेवीत होते, ते त्या आकड्याने प्रथमच आमच्या डोळ्यांसमोर मांडले. आम्ही खूश झालो. मग मनात आले, जाहिरात नाही, वर्गणीही आपण दिलेली नाही. त्या बातमीदाराचे पोट कशावर भरायचे? याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

अडचणही आली. एका कार्यालयाचा अर्ज नव्या खिडकीत उघडतो. ही खिडकीच अडवली गेली. शेवटची तारीख होती. तासभर आम्ही कार्यालयाला दोष देत बसलो. शेवटी घरातल्या नातीने त्या एका पानापुरती अडवणूक काढली आणि अर्ज गेला. तेव्हा घरी नवा न्याहाळक घेणाऱ्यांनी जुना लगेच पुसून टाकू नये. आम्हीही अजून टाकलेला नाही.