‘माझे काही चालत नाही’ : व्यसनमुक्तीची पहिली पायरी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार जेथे बालपणीच होतो, त्या समाजापुढे मद्यपानाविषयी काय बोलणार, असे मला एका स्नेह्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यापासून आजच्या चाकणपर्यंत हा जो कारखान्यांचा पट्टा पसरला, त्यात आपणांपैकी कित्येकांचे वर्कशॉप आहे, दुकान आहे, नोकरी आहे. आपल्या हाताखालचा एखादा उत्तम फिटर पगाराच्या दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, हे आपण पाहतो. आणि खरे सांगायचे तर, संस्कार असलेल्या घरातही ही व्याधी शिरते. तेथे ती अधिक लपवली जाते एवढेच.

अशा माणसाला आपण काय सांगतो? शपथ घे. मुलाच्या डोक्यावर हात ठेव. देहू-आळंदी जवळच, म्हणून कोणी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालतो. माळेने सुटलेली माणसे आहेत, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ज्याची व्याधी जडलेली आहे तो शपथ मोडतो, मोडल्याच्या लाजेने पुन्हा पितो आणि पुढची शपथ अधिक मोठ्या आवाजात घेतो. शपथेत एक गृहीत दडलेले असते : मी ठरवले तर सोडू शकतो. व्यसनी माणसाचा सर्वांत सुरक्षित आडोसा हाच. ‘मी श्रावणभर थेंब घेत नाही,’ असे तो अभिमानाने सांगतो. श्रावणाच्या आदल्या दिवशी किती घेतली आणि श्रावण संपल्या दिवशी काय झाले, हे मात्र कोणी विचारायचे नाही!

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या रबर कारखान्यांच्या गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने खचलेले, दोघांच्याही शपथा मोडून झालेल्या. त्यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मंडळी निर्माण झाली. १९५७ मध्ये ती मुंबईत आली. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिलीचा आशय असा, की दारूपुढे आमचे काही चालत नाही आणि आमचे जगणे आमच्या हाताबाहेर गेले आहे, हे आम्ही मान्य केले. मद्याचा उल्लेख येथेच येतो. पुढच्या पायऱ्या माणसाच्या स्वभावाविषयी, त्याने दुखावलेल्यांची भरपाई करण्याविषयी आहेत.

येथे आपल्या मनात शंका येईल. आपला धर्म पुरुषार्थ शिकवतो. मग ‘मी हतबल आहे’ म्हणणे हा पळपुटेपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. रत्नत्रयाचा क्रम आठवावा. सम्यक् चारित्र्याच्या आधी सम्यक् दर्शन येते. जे आहे ते आहे तसे दिसल्यावाचून आचरण सुधारणार कसे? प्रेस मशीन बिघडले असता ‘चालते आहे’ म्हणून रेटणारा कामगार बोटे गमावतो. जो आधी ते बंद करून मेंटेनन्सला बोलावतो, तो भित्रा ठरत नाही. हतबलता पेल्यापुढची आहे. पेल्यापर्यंत न जाणे, मदत मागणे, सभेला जाऊन बसणे हा पुरुषार्थ त्याच्याच हाती राहतो. या मंडळींत ईश्वराचा उल्लेख असतो, परंतु त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा अशी मोकळीक आहे. कित्येक जण आपल्या गटालाच ती शक्ती मानतात.

महाराष्ट्रात या विचाराला घरचे रूप दिले ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. त्याची धुरा तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत वाहिली. तेथे बरे झालेलेच अनेक जण पुढे समुपदेशक झाले. ‘मीही इथेच होतो’ असे सांगणाऱ्यापुढे थाप चालत नाही, डॉक्टरांपुढे चालते.

एक गोष्ट मात्र उत्साहाच्या भरात विसरू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने आजपासून एकदम बंद, असे घरच्या घरी करू नये. दारूने मेंदू मंदावत असतो, म्हणून मेंदू स्वतःला सतत चेतवत ठेवतो. दारू अचानक गेली की ही चेतना मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, तीव्र थरथर होऊन प्राणावर बेतू शकते. योग्य औषधे आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हे टाळू शकतात. म्हणून घरात कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे.

भगिनींना विशेष सांगावयाचे आहे. सुपरवायझरला ‘यांना ताप आहे’ असा फोन कोण करते? उधारी कोण फेडते? प्रेमापोटी केलेल्या या सारवासारवीने त्याला कबुलीची गरजच भासत नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून चालणाऱ्या ‘अल-अ‍ॅनॉन’ची पहिली पायरीही हीच आहे : त्याच्या दारूपुढे माझे काही चालत नाही. हे उमगलेली पत्नी बाटल्या शोधणे सोडते आणि मुलांकडे, स्वतःकडे पाहू लागते.

शेवटी विश्वस्तांना एक विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या सभागृहाची एखादी खोली अशा सभेसाठी द्यावी. वेळ पहिली पाळी सुटल्यानंतरची असावी, म्हणजे कामगाराला घरी जाण्याआधी वाट वाकडी करून येता येईल. दारावर फलक नसला तरी चालेल. नावे विचारू नयेत. आणि खोली फुकट देऊ नये. ही मंडळी बाहेरची देणगी घेत नाहीत, आपसांत थाळी फिरवून भाडे भरतात. तेव्हा अल्पसे का होईना, भाडे अवश्य घ्यावे आणि त्याची पावती द्यावी.

जय जिनेंद्र.